शिक्षेबाबत विचारले असता

मृणालिनी कर्णिक यांना त्यांच्या पोटच्या पोरीनेच एका रविवारी सकाळी पोह्यांच्या बशीसमोर आरोपी केलं.

तशा मृणालिनीबाई म्हणजे काही कुणी लेचीपेची बाई नव्हे. मध्य मुंबईतल्या एका कोर्टात न्यायदंडाधिकारी. बारा वर्षांची नोकरी, एकही डाग नाही, यंदा बढतीच्या यादीत नाव. दादरच्या हिंदू कॉलनीत राहायच्या, टॅक्सीने कोर्टात जायच्या आणि आपण निःपक्षपाती आहोत याची त्यांना इतकी पक्की खात्री होती की त्यावर कधी विचार करायची वेळच आली नव्हती. अशा माणसाचं घरात काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. घरात कुणी ऐकत नाही.

त्यांची मुलगी इरावती कायद्याच्या शेवटच्या वर्षाला होती आणि तिला एक प्रबंध लिहायचा होता. विषय, शिक्षा ठरवताना न्यायाधीशांवर कशाकशाचा परिणाम होतो.

‘‘आई, रागावणार नाहीस ना?’’ तिने लॅपटॉप फिरवला.

‘‘विषयावर आहे ते.’’

‘‘विषय तूच आहेस.’’

पडद्यावर ठिपकेच ठिपके होते. लाल आणि हिरवे. कोर्टाच्या संकेतस्थळावर कुठलं प्रकरण किती वाजता चाललंय ते दिसतं, निकालही दिसतात. इरावतीने चार महिने बसून आईच्या कोर्टातल्या एकशे ऐंशी छोट्यामोठ्या शिक्षा टिपल्या होत्या. हिरवा म्हणजे दंडावर किंवा चांगल्या वागणुकीच्या हमीवर सुटला. लाल म्हणजे गेला आत. तीननंतर सगळी हिरवळ होती. साडेबारा ते दोन, म्हणजे जेवणाच्या सुट्टीआधीच्या दीड तासात, नुसता लालेलाल चिखल.

‘‘तू भुकेली असलीस की लोकांना आत टाकतेस, आई,’’ इरावती शांतपणे म्हणाली. ‘‘जेवलीस की सोडतेस.’’

‘‘काहीतरीच! मी काय वाघीण आहे?’’

पेपरामागून रघुवीररावांचा, म्हणजे त्यांच्या यजमानांचा, आवाज आला. ‘‘जेवणाआधी ती काय असते ते मला विचार. सव्वीस वर्षं हमीवर सुटलोय मी.’’

मृणालिनीबाईंनी त्या दोघांकडे अशी नजर टाकली की आरोपीने आपणहून गुन्हा कबूल करावा. पण इरावती त्यांचीच मुलगी. तिने दोन ठिपके मोठे करून दाखवले.

‘‘हे बघ. मागच्या सोमवारचे. हितेंद्र पाटणकर, वरळी. गाडी लावण्यावरून भांडण, समोरच्याच्या डोक्यात हेल्मेट घातलं, चार टाके. साडेतीन वाजता. हमीवर सुटला. आणि हा लवू परब, लालबाग. चाळीच्या मीटिंगमध्ये सेक्रेटरीच्या कपाळावर प्लास्टिकचं स्टूल मारलं, तीन टाके. एक वाजून दहा मिनिटं. तीन महिने कैद. दोघांचा पहिलाच गुन्हा, दोघांनी कबूल केलेला. आई, हेल्मेट जड की स्टूल?’’

‘‘प्रत्येक प्रकरण वेगळं असतं,’’ मृणालिनीबाई म्हणाल्या. ‘‘त्या परबाला पश्चात्ताप नव्हता. ढिम्म उभा होता खांबासारखा. हात जोडायचे नाहीत, बोलायचं नाही. मला आठवतोय तो. हितेंद्रने निदान माफी तरी मागितली.’’

‘‘त्याच्याकडे वकील होता.’’

‘‘माफी मागायला वकील लागतो?’’

इरावतीने खांदे उडवले आणि पोहे खायला लागली. मृणालिनीबाईंचे पोहे मात्र गार झाले. लवू परब महापालिकेच्या इस्पितळात वॉर्डबॉय होता, छप्पन्न वर्षांचा, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली. कैद झाली म्हणजे तो निलंबित झालाच असणार, आणि शिक्षा कायम राहिली तर नोकरी कायमची गेली. हे सगळं त्यांना त्या सोमवारीही ठाऊक होतं. पण तेव्हा ते कागदावर होतं. आता ते त्यांच्या पोह्यांवर येऊन बसलं. खरंच आपल्या पोटात कावळे ओरडत होते म्हणून एका माणसाची तीस वर्षांची नोकरी गेली?

आणि सगळ्यात वाईट म्हणजे, गेली असली तर गेली. एकदा सही केलेला निकाल त्याच मॅजिस्ट्रेटला बदलता येत नाही. शुद्धलेखनाची चूक असेल तर गोष्ट वेगळी. माणसाची चूक वरच्या कोर्टानेच सुधारायची, तीही कुणी अपील केलं तर. तीस दिवसांच्या आत. लवूने अपील केलं नव्हतं. त्याच्या वतीने करणार कोण?

मृणालिनीबाईंनी मग जे केलं ते त्यांच्या जागी असलेली कुठलीही कर्तबगार मराठी बाई करेल. त्यांनी डबे भरले.

सोमवारपासून चेंबरच्या खणात राजगिऱ्याचे लाडू आले, थालीपीठ आलं, चार केळी आली. बाराला केळं, साडेबाराला लाडू, एक वाजता ‘कोर्ट पाच मिनिटं तहकूब’ म्हणून आत जाऊन अर्धं थालीपीठ. दहीसुद्धा. एका चोरीच्या प्रकरणात सरकारी वकील तावातावाने बोलत होते आणि मॅडम गालात काहीतरी घोळवत होत्या. वकिलांना वाटलं आपला मुद्दा पटतोय. तिसऱ्या दिवशी एका फायलीला मुंग्या लागल्या. चौथ्या दिवशी स्टेनो सीमा दबक्या आवाजात शिपायाला म्हणाली, ‘‘मॅडमना काही गोड बातमी वगैरे…’’ शिपाई म्हणाला, ‘‘येडी का तू? पन्नाशी उलटली त्यांची.’’

दोन आठवडे हा खाद्यमहोत्सव चालला. मॅडमचं वजन दोन किलोने वाढलं, आणि दोन आठवड्यांनी इरावतीने नवे ठिपके दाखवले तर साडेबारा ते दोन लाल ते लालच.

‘‘अजून तसंच आहे, आई.’’

‘‘मी पोटभर खाल्लं होतं!’’ मृणालिनीबाई जवळजवळ ओरडल्या.

‘‘मग पोट नाहीये ते. दुसरंच काहीतरी आहे.’’

आता या ठिकाणी मला जरा स्पष्ट बोलू द्या. मॅडम लाडू खात होत्या ते दोन आठवडे आणि आधीचे सहा दिवस मिळून लवू परब वीस दिवस आत होता. मॅडमचा हेतू चांगला होता, नाही कोण म्हणतं? पण त्या शोधत होत्या स्वतःलाच, आपल्या पोटात, आपल्या झोपेत, आपल्या पाठदुखीत. लवूला काय झालं होतं ते लवूच्या बाजूला जाऊन बघायचं त्यांना सुचलंच नाही. मोठ्या खुर्चीत बसणाऱ्या माणसांना ही सवय असते. चूकसुद्धा त्यांना आपलीच लागते.

एकविसाव्या दिवशी, म्हणजे सोमवारी, टॅक्सी लवकर मिळाली आणि मृणालिनीबाई पावणेदहालाच कोर्टात पोचल्या. लिफ्ट बंद होती म्हणून जिन्याने निघाल्या. वरच्या वळणावर दोन वकिलांचे काळे कोट आणि त्यांच्यामध्ये शिपाई गंगाधर घाडी दिसला. घोडपदेवच्या चाळीत राहणारा, सत्तावीस वर्षं याच कोर्टात, सात मॅजिस्ट्रेट पाहिलेला.

‘‘गंगाधरभाऊ, आज हवामान?’’ एका वकिलाने विचारलं.

‘‘सकाळी ढगाळ,’’ गंगाधर गंभीरपणे म्हणाला. ‘‘शनिवारी फोनवर मुलीशी वाद झाला. जेवल्यावर उघडेल. शिक्षेचं काय असेल तर सेकंड हाफला घ्या. आणि रडारड नको, मॅडमना आवडत नाही. चुकलो म्हणायचं, एकदाच, मोठ्याने. पांढरा शर्ट.’’

‘‘माझ्या माणसाकडे पांढरा नाही हो.’’

‘‘माझ्या कपाटात आहे. धुऊन आणून द्यायचा.’’

मृणालिनीबाई जिन्यावर थिजल्या. मग त्यांना एकदम आठवलं. खिशावर निळ्या शाईचा बारीकसा डाग असलेला एक पांढरा शर्ट त्यांनी या वर्षात किमान नऊ आरोपींच्या अंगावर पाहिला होता. प्रत्येक वेळी त्यांच्या मनात आलं होतं की माणूस गरीब आहे पण नीटनेटका आहे.

चेंबरमध्ये गंगाधर पाणी घेऊन आला तेव्हा त्यांनी दार लोटायला सांगितलं.

‘‘गंगाधर, माझं हवामान तुम्ही कधीपासून सांगता?’’

गंगाधर सत्तावीस वर्षं नोकरीत मुरलेला, त्याने पेला न सांडता पुढे केला. ‘‘मॅडम, तुम्ही आलात त्या आठवड्यापासून. तुमच्या आधीच्या साहेबांचंही सांगायचो. त्यांचं सोपं होतं, मॅच हरली की ढगाळ.’’

‘‘आणि याचे तुम्ही काय घेता?’’

‘‘देवाशपथ, मॅडम!’’ गंगाधर दुखावला. ‘‘पैशाला हात नाही लावला आजवर. चहा पाजतात, गंगाधरभाऊ म्हणतात, तेवढंच. आणि तुमच्याच भल्याचं ना. तुम्ही वैतागलेल्या असताना उगाच कुणी समोर यायचं, तुम्ही ओरडायचं, तुमचं बीपी वाढायचं. मी सगळं वाटून लावतो. तयारीचे लोक जेवणानंतर. वकील असतो, घरची माणसं आलेली असतात, जामीनदार हजर, चांगल्या वर्तणुकीचा दाखला हातात. तुम्हालाही हुकूम द्यायला सोपं.’’

मृणालिनीबाईंना आधी काय वाटलं असेल सांगू? हायसं वाटलं. खोटं कशाला बोलायचं! पोट नव्हतं ते. आपण वाघीण नव्हतो. तीननंतरची ती हिरवळ म्हणजे तयारीने आलेली माणसं होती. घरी जाऊन इरावतीला कसं सांगायचं त्याची वाक्यंसुद्धा मनात जुळायला लागली होती.

‘‘आणि जेवणाआधी कोण येतं?’’ त्यांनी सहजच विचारलं.

‘‘जे मला विचारत नाहीत ते. ज्यांना विचारायचं असतं हेच ठाऊक नसतं. वकील नाही, कुणी नाही. बोर्डावर नंबर लागेल तसे येतात.’’

‘‘त्यांना तुम्ही काहीच सांगत नाही?’’

‘‘सांगतो की! एवढा दगड नाही मी. त्यांना म्हणतो, विचारल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. मान खाली घालून कुजबुजायचं नाही, ताठ उभं राहायचं. मॅडमनी विचारलं की मग बोलायचं. आडदांड माणसं असतात, मॅडम, मधेच काहीतरी बोलून बसतात आणि शिक्षा वाढवून घेतात.’’

मृणालिनीबाईंनी पेला खाली ठेवला. ‘‘लवू परब आठवतो? स्टूलवाला.’’

‘‘आठवतो ना. लालबागचा. आमच्या गावाकडचाच, देवगडचा. बाहेर बाकड्यावर बसून रडत होता. खिशात कागद होता, त्यावर काय काय लिहून आणलेलं, पुटपुटत होता. मी म्हटलं, आत नाटक नको हां परबा. विचारलं तरच बोल.’’

‘‘मग बोलला का नाही?’’

गंगाधरने पेल्यावर झाकणी ठेवली. सात मॅजिस्ट्रेटांनी त्याला शिकवलं होतं की काही प्रश्नांना उत्तर द्यायचं नसतं. पण मॅडम बघतच राहिल्या तेव्हा तो हळूच म्हणाला, ‘‘तुम्ही विचारलंच नाही, मॅडम.’’

मृणालिनीबाईंनी लवूची फाइल मागवली. निकालाच्या दुसऱ्या पानावर स्वच्छ टाइप केलेलं होतं, ‘शिक्षेबाबत विचारले असता आरोपीने काहीही सांगितले नाही. त्याच्या चेहऱ्यावर पश्चात्तापाचा मागमूसही दिसून येत नाही.’ दुसरं वाक्य त्यांचं स्वतःचं होतं, ते सांगताना त्यांना बरंही वाटलेलं आठवत होतं. पहिल्याबद्दल त्यांनी सीमाला विचारलं.

‘‘ते फॉरमॅटमधलंच आहे, मॅडम,’’ सीमा म्हणाली. ‘‘कबुलीच्या सगळ्या निकालांत असतं. नाव तेवढं बदलते मी.’’

म्हणजे आरोपीला शिक्षेआधी विचारायचं असतं, कायदाच आहे तसा, आणि मॅडमनी ते विचारलं की नाही हे कॉम्प्युटरने आधीच ठरवून टाकलेलं होतं. वकील असले की ते आपणहून बोलायला लागत, त्यामुळे तिकडे विचारायची वेळच येत नसे. वकील नसलेल्यांना मॅडम विचारत होत्या का? त्यांनी खूप आठवून पाहिलं. एक वाजलेला असायचा, बोर्डावर अजून बारा नावं असायची. त्यांना एकाही माणसाचं उत्तर आठवेना. आणि एवढ्या सगळ्यांना एकदम सांगण्यासारखं काहीच नव्हतं, असं कसं होईल?

त्या दिवशी त्यांनी विधी सेवा प्राधिकरणाला पत्र पाठवलं, की कैदी लवू परब यास अपिलाचा हक्क समजावून सांगावा आणि मोफत वकील द्यावा. यात काही वावगं नव्हतं. दर्शना नावाच्या एका तरुण वकिलीणबाईंनी तुरुंगात जाऊन लवूची सही आणली आणि सत्ताविसाव्या दिवशी सेशन्स कोर्टात अपील लागलं. मुद्दा एकच होता. खालच्या कोर्टाने शिक्षेबाबत आरोपीला विचारलंच नाही.

मृणालिनीबाईंना वाटलं, सुटला बिचारा. पण कायदा तसा भोळा नसतो. सेशन्स जज्जांनी निकाल वाचला आणि म्हणाले, विचारलंय की! इथे छापलंय. कोर्टाच्या कागदावर लिहिलेलं खरंच धरायचं असतं. आरोपीच्या तोंडी म्हणण्यावर मॅजिस्ट्रेटचा कागद खोटा कसा ठरवायचा? तरी माणूस सावध, त्यांनी खालच्या कोर्टाकडून अहवाल मागवला. आठ दिवसांत कळवावे, आरोपीस शिक्षेबाबत विचारले होते किंवा नाही.

तो लखोटा मृणालिनीबाईंनी घरी नेला. रघुवीररावांनी चष्मा लावून दोनदा वाचला. आयुष्यभर विमा कंपनीत दाव्यांचे कागद तपासलेला माणूस, त्यांना अशा पत्रांची भाषा बरोबर कळायची.

‘‘यादी कधी लागणार आहे तुमची?’’

‘‘पुढच्या महिन्यात.’’

‘‘मग ‘स्मरत नाही’ लिही. खोटं नाहीये ते. किती प्रकरणं असतात तुझ्याकडे! कुणी नावं ठेवणार नाही.’’

‘‘आणि परबाचं?’’

‘‘स्मरत नाही लिहिल्यावर कागद खरा धरतील आणि अपील जाईल,’’ रघुवीरराव प्रामाणिकपणे म्हणाले. ‘‘उरलेले दोन महिने काढेल तो. नोकरी… ती मात्र जाईल.’’

इरावती एरवी अशा वेळी दहा वाक्यं बोलली असती. त्या दिवशी तिने फक्त लॅपटॉप मिटला. मृणालिनीबाईंना तिचा राग आला, नवऱ्याचा आला, गंगाधरचा आला. सगळ्यात जास्त त्या स्टूलचा आला. काय गरज होती छप्पन्नाव्या वर्षी स्टूल उचलायची? भीती वाटत होती त्यांना, दुसरं काय. बारा वर्षांत एक डाग नव्हता आणि हा स्वतःच्या हाताने लावायचा होता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सीमाला चेंबरमध्ये बोलावलं आणि अहवाल सांगायला घेतला. संदर्भ, जावक क्रमांक, उपरोक्त विषयास अनुसरून. सीमाची बोटं सराईतपणे चालत होती. मग मॅडम थांबल्या.

‘‘लिहा. निकालातील ‘शिक्षेबाबत विचारले असता’ हे वाक्य तयार नमुन्यातील आहे. आरोपीस मी विचारले नव्हते.’’

सीमाची बोटं थबकली. ‘‘मॅडम, ‘विचारल्याचे स्मरत नाही’ असं करू का?’’

‘‘नको. विचारले नव्हते. पूर्णविराम.’’

सीमाने पूर्णविराम दिला. तिला मॅडमचा मोठा अभिमान वाटला आणि त्याच वेळी, आता नवीन कोण येतंय आणि त्याचा स्वभाव कसा असेल, अशी काळजीही वाटली. माणूस आहे, दोन्ही वाटतं.

पुढे व्हायचं ते झालं. सेशन्स कोर्टाने कैद रद्द केली आणि आरोपीला नीट विचारून शिक्षा नव्याने ठरवा म्हणून प्रकरण परत पाठवलं. त्या हुकमात मॅडमबद्दल दोन ओळी होत्या. एकीत त्यांच्या निष्काळजीपणाबद्दल तीव्र नापसंती आणि दुसरीत त्यांच्या प्रामाणिकपणाची नोंद. बढतीची यादी लागली तेव्हा त्यांचं नाव त्यात नव्हतं. कुठल्या ओळीमुळे नव्हतं ते कुणी सांगितलं नाही. रघुवीरराव त्या दिवशी स्वतः जाऊन मॅडमच्या आवडीचं श्रीखंड घेऊन आले आणि आधी त्यांनाच वाढलं.

लवू परब एकूण चाळीस दिवस आत राहून बाहेर आला आणि तारखेला कोर्टात हजर झाला. दर्शना वकील बरोबर होत्या. लवूच्या अंगावर त्याचाच रंग गेलेला चौकटीचा शर्ट होता. गंगाधरने कपाट उघडून पाहिलं होतं, पण मॅडमनी ते कालच रिकामं करून घेतलं होतं. मध्यम उंचीचा, दाढी वाढलेला, कोर्टात आल्यावर कुठे उभं राहायचं हे आता नेमकं ठाऊक झालेला माणूस. तो ताठ उभा राहिला, तोंड मिटून, समोरच्या भिंतीकडे बघत. अगदी पहिल्यासारखाच. मृणालिनीबाईंना तो आता उद्धट दिसत नव्हता. सांगितलेलं ऐकणारा दिसत होता, आणि हे आपल्याला त्या पहिल्या सोमवारी का दिसलं नाही ते त्यांना कळेना.

दर्शना वकील बोलायला उठल्या. मॅडमनी हाताने थांबवलं.

‘‘तुमचं ऐकते. आधी त्यांना विचारू दे.’’ मग त्या लवूकडे वळल्या. ‘‘लवू परब, तुम्हाला शिक्षेबद्दल काही सांगायचंय का?’’

लवूने आधी गंगाधरकडे पाहिलं. आता बोलू ना, अशा नजरेने. गंगाधरने मान हलवली आणि स्वतः खाली बघायला लागला.

 लवूने खिसा चाचपला. खिशात काही नव्हतं, कागद तुरुंगाच्या दारात कपड्यांबरोबर जमा झाला होता तो परत मिळालाच नव्हता.

‘‘सावकाश,’’ मृणालिनीबाई म्हणाल्या. ‘‘घाई नाही.’’

‘‘तेव्हा पाठ करून आलो होतो, बाई,’’ लवू म्हणाला. ‘‘शेजारच्या मास्तरांकडून लिहून घेतलेलं. पानभर होतं. आता काय आठवणा नाय.’’ तो ओशाळा झाला, आपलंच काहीतरी राहून गेलंय अशासारखा. ‘‘पहिलं वाक्य तेवढं आठवतंय.’’

‘‘तेच सांगा.’’

‘‘बाई, माझं चुकलं.’’

सीमाने टाइप केलं.  मृणालिनीबाईंना ‘माझंही’ म्हणायचं होतं, अगदी ओठांवर आलं होतं, पण त्या खुर्चीत बसून ते म्हणता येत नाही. त्यांनी चांगल्या वागणुकीच्या हमीवर सोडल्याचा हुकूम सांगितला, या हुकमामुळे आरोपीच्या नोकरीला बाधा येऊ नये हे स्वतंत्र वाक्य घालून.  मधेच थांबून त्या पाणी प्यायल्या, आणि नोकरीचं ते वाक्य त्यांनी पहिल्यापासून पुन्हा सांगितलं.